एका डबीत दोघं

गोळ्यांची डबी हातात आली की आपा ती टेबलावर उपडी करायच्या आणि उरलेल्या गोळ्या बोटानं सरकवत मोजायच्या. एक जरी जास्त निघाली, तरी समोरच्याकडं रोखून बघत. "चुकली का न्हाई? हाव म्हना, न्हाई तर न्हाई म्हना."

लातूरच्या एचआयव्ही उपचार केंद्रात मी औषधांच्या खिडकीवर होतो. आपा औशाच्या. औषध न्यायला न येणाऱ्यांना शोधून आणणं हे त्यांचं काम. ट्रक चालवणारा नवरा याच आजारानं गेलेला, आणि त्या स्वतःही आमच्याच पेशंट. हे त्या पहिल्या भेटीतच सांगून टाकायच्या, म्हणजे समोरच्याची मान वर यायची.

लातुरात तेव्हा गल्लोगल्ली बारावीचे क्लासेस निघाले होते. आपांची शिकवणीही त्याच वळणाची. "ह्यो इषाणू सारखा आपली नक्कल काढतो. नकलेत चुका होतात. गोळी पुरी पडली तर समदे दबतात. कमी पडली तर एखादा चुकलेलाच तगतो, अन् त्याची पिलावळ मग गोळीला भीत न्हाई. गोळी चुकवून त्याला पेपर आधीच कशाला दाखवता?"

किल्लारीचा एक आचारी पोरांच्या मेसमध्ये होता. मालकाला कळेल म्हणून गोळ्या टाळायचा. आपा मागच्या दाराशी जाऊन उभ्या. "भूकंपातनं निघालास अन् गोळीला भितोस?"

पण कधी आमचाच साठा संपायचा. मी वर फोन करायचो. "गाडी निघाली आहे." चार-चार दिवस तेच उत्तर. आपा संतापायच्या. "मी दारोदार लोकांना रागवू, अन् तुमची खिडकीच रिकामी?"

मग त्यांचंच वजन उतरू लागलं. मुंबईहून रिपोर्ट आला. विषाणू बदललेला, चालू गोळ्या निकामी. मी चिडलो. "तुमची तर एक गोळी चुकली नाही, आपा!"

आपांनी रिपोर्टाची घडी घातली. "सरकारी गोळ्या न्हवत्या तवाचं हाय हे. यांच्यासाठी विकतची एक डबी यायची. एका डबीत दोघं. एक दिवस ते, एक दिवस मी. ते एकटे घ्यायलाच तयार न्हवते, भाऊ."

पुढच्या टप्प्याची औषधं तेव्हा मुंबईलाच मिळत. त्यासाठी तिथल्या समितीची मंजुरी हवी. एक कागद कमी, मग सही चुकीच्या जागी, मग पुन्हा पहिल्यापासून. मी फोनवर ओरडायचो, तिकडचा माणूस शांतपणे म्हणायचा, "नियम आहे." औषध सुरू झालं, तोवर क्षयानं छाती धरली होती.

शेवटचं औशाला भेटलो, तेव्हा त्यांना धाप लागत होती. "चाकूरची एक बाई दोन महिने आली न्हाई. जावा. आवाज चढवू नका तिच्यावर."

आपा गेल्यावर चौथ्या दिवशी मी चाकूरला गेलो. बाईनं दार अर्धंच उघडलं.

"आपा न्हाई आल्या?"

"न्हाई. आता मीच येत जाईन."

ती माझ्या मागच्या रस्त्याकडं बघत राहिली.