भावजी, कोनफळ आणि हॉकीची यादी

धीर धरायला शिकवून माणसाची झोप उडवणारा माणूस अख्ख्या जोयडा तालुक्यात एकच, आणि तो नेमका माझा धाकटा दीर निघाला. जंगल खात्यात वॉचर म्हणून जन्म काढलेले आमचे भावजी निवृत्त झाल्यापासून कुंभारवाड्याच्या कापणी झालेल्या शेतात मुलींना हॉकी शिकवतात. पोरगी निवडायची त्यांची रीत जगावेगळी. तिचा खेळ ते बघतच नाहीत. डोक्यावर गवताचा भारा घेऊन ती ओल्या बांधावरून कशी चालते ते बघतात. ‘‘घसरू दे की वैनी. घसरल्यावर भारा टाकती का सावरती, तेवढं बघायचं.’’ निवडलेल्या पोरीच्या आईबापाला मात्र पहिल्याच दिवशी ताकीद, ‘‘गोल किती मारलेस, हे दोन वर्षं इचारायचं न्हाई.’’ एका बापानं विचारलं, तर भावजींनी त्याच्याशी बोलणं टाकलं. बस चुकली तरी त्याच्या मोटारसायकलवर बसले नाहीत, उन्हातून चालत गेले.

माझी नातही त्यांनीच निवडली. बाराव्या वर्षी चेंडू तिच्या काठीला डिंक लावल्यासारखा चिकटायचा. शहरातल्या क्रीडा वसतिगृहानं तिला घेतलं तेव्हा मी वाडीभर गूळ-खोबरं वाटलं. मग चौदाव्या वर्षी ती एकाएकी अशी वाढली की पाय जणू शेजारणीकडून मागून आणलेले. चेंडू एकीकडे, काठी दुसरीकडे. वसतिगृह दर वर्षी यादी लावतं. नाव नसलं की पोरगी घरी, आणि घरी आली की आमच्याकडे शाळा लांब, सोयरे जवळ.

फोनला रेंज फक्त वळणावरच्या दगडावर. तिथं मागे एकदा अस्वल आडवं गेलं, तर मी त्याला वाट दिली आणि पुढं निघाले. अस्वलाची भीती कसली? भीती त्या फोनची. ‘‘अज्जी, आज बी बाहेरच बसवलं,’’ एवढंच ती सांगायची. शेवटी मी भावजींना म्हटलं, ‘‘त्यांनी हाकलायच्या आधी आपणच आणू या तिला.’’

भावजी शांतपणे म्हणाले, ‘‘वैनी, लग्नानंतरचा पैला कोन आठवतो न्हवं?’’

आठवतो, न आठवून जातो कुठं. कोन म्हणजे कोनफळ, मातीत पोसणारा कंद. वेल वाळेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हे इथं शेंबडं पोरही जाणतं. मी खानापूरकडची, अठरा वर्षांची, भलती हुशार. दर चार दिवसांनी माती उकरून वितीनं कोन मोजायची आणि माती परत लोटायची. वेल दसऱ्याआधीच कुजला. मी सगळ्यांत आधी ओरडले, ‘‘डुक्कर! रानडुक्कर!’’ बिचाऱ्या सासऱ्यांनी परसाला काट्यांचं कुंपण घातलं. बारा वर्षांच्या दिराला मात्र मातीत माझी बोटं दिसली होती. त्यानं कुणाला सांगितलं नाही. फक्त जन्मभर मला ऐकवलं.

यादीच्या दिवशी सकाळी मी परसात गेले, तर भावजी कोनाच्या आळ्याशी उकिडवे बसलेले. वेल हिरवागार, आणि कोन एका अंगानं उघडा. बोटं मातीनं भरलेली.

‘‘डुक्कर आलंय काय, भावजी?’’

ते हसले नाहीत. ‘‘सतराव्या वर्षी मला बी हॉकीच्या वसतिगृहातनं घरी धाडलं, वैनी. पाय आवरत न्हाईत म्हणाले. वरीसभरानं आवरले. तवर मी जंगलात वणवा अडवायच्या जाळरेषा काढाय लागलो होतो.’’

तेव्हा त्यांनी घरात सांगितलं होतं, करमत नव्हतं म्हणून आलो. आणि वहिनीबाईंनी, म्हणजे मीच, अंगणात सगळ्यांसमोर टोमणा मारला होता, ‘‘आईचा पदर काय सुटेना बाई.’’

आम्ही दोघांनी मिळून माती लोटली आणि दगडावर गेलो. फोन आला. नाव होतं, सगळ्यांत खाली. ‘‘आणखी एक वरीस बघू म्हणालेत, अज्जी.’’ भावजींनी फोन हातात घेतला, घसा खाकरला आणि विचारलं, ‘‘जेवलीस काय गं?’’

उकरलेल्या कोनाचं काय होणार, अजून ठाऊक नाही. वेल हिरवा आहे. परसात जाताना आम्ही दोघंही हात मागं बांधून जातो.