खिशाकडे न जाणारा हात

ती साबणाची वडी मी आजही विसरलेलो नाही. सत्तरच्या दशकात मी पिंपरीच्या एका चौकीवर फौजदार होतो. एके दुपारी स्टेशन डायरी लिहीत असताना बाजारात किल्ल्या बनवणारे चाचा आले आणि त्यांनी रुमालात गुंडाळलेली वडी टेबलावर ठेवली. तिच्यावर एका लांब, जाड चावीचा ठसा होता.

"साहेब, ही घराची चावी न्हाई. दोघं जण देऊन गेले. शनिवारी दुसऱ्या चावीचा ठसा आणतो म्हणाले. मी व्हय म्हटलं. न्हाई म्हणायची हिंमत झाली न्हाई."

दोन चाव्यांनी उघडणारी तिजोरी चौकीसमोरच्याच बँकेत होती. कंपन्यांच्या पगाराची रोकड तिथे असे. मी साध्या वेशात जाऊन मॅनेजरांना गाठलं. त्यांनी सांगितलं, एक चावी हेड कॅशियरकडे, दुसरी अकाउंटंटकडे. रजिस्टरवर सही केल्याशिवाय आपली चावी दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही. आकडेमोड कुणालाही शिकवता येते, पण हे अंगी बाणायला वर्षं जातात, असं ते म्हणाले.

मॅनेजरांच्या केबिनमध्ये हेड कॅशियर आणि अकाउंटंट या दोघांना समोरासमोर बसवलं. हेड कॅशियरला दरदरून घाम फुटला होता आणि त्याचा हात सारखा कमरेच्या खिशाकडे जात होता. हाच तो, असं धरून मी त्याला तासभर फैलावर घेतलं. माणूस रडकुंडीला आला. त्याची आजही मला लाज वाटते.

शेवटी मॅनेजर हलकेच म्हणाले, "चावी सांभाळणाऱ्याचा हात असा जातोच, साहेब. माझा तर झोपेतही जायचा."

मी अकाउंटंटकडे पाहिलं. चावी त्याच्याही खिशात होती, पण तासाभरात त्याचा हात एकदाही तिकडे गेला नव्हता. दोन्ही हात टेबलावर, गार पडल्यासारखे. चावीची धास्तीच संपली असेल, तर या माणसाला तिच्याहून मोठी धास्ती असणार. मी बाकीच्यांना बाहेर पाठवलं आणि विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

तो कोसळलाच. तिसरीत शिकणारी एकुलती मुलगी. तिची शाळा, जायची वाट, रिबिनीचा रंगसुद्धा चाचांकडे आलेल्या त्या दोघांनी त्याला सांगितला होता. आपल्या चावीचा ठसा त्याने स्वतः दिला. दुसरीचाही तोच देणार होता, कारण हेड कॅशियर रोज जेवायला जाताना आपली चावी विश्वासाने त्याच्याकडे ठेवून जाई. रजिस्टर, सही काही नाही. वर्षानुवर्षांचा शेजार, सही मागणं दोघांनाही अपमानाचं वाटे.

"चौकी समोर आहे. का नाही आलात?"

"ते म्हणाले, रस्ता ओलांडताना दिसलास तर..."

मी हवालदाराला साध्या कपड्यांत, मुलीच्या आईला सोबत घेऊन शाळेकडे पाठवलं. त्यानंतर टेलिफोन वाजेपर्यंतचा वेळ मी कसा काढला, ते मलाच ठाऊक. माझीही मुलगी त्याच वयाची होती. अकाउंटंटची मुलगी मामाकडे सुखरूप पोहोचल्याचं कळलं, तेव्हा कुठे मी खुर्चीत बसलो.

आमच्या सांगण्यावरून अकाउंटंटने त्या दोघांना दुसऱ्या चावीचा खोटा ठसा दिला, आणि शनिवारी चाचांच्या दुकानाभोवती सापळा लावला. दोघेही सापडले. एकाच्या कमरेला सुरा होता. चाचा त्या दिवशी दुकानात बसले, हे धाडस माझ्याहून मोठं होतं.

नोकरीभर मी घामावरून भीती ओळखत आलो होतो. खरा घाबरलेला माणूस निमूट बसतो, हे त्या केबिनमध्ये कळलं. त्यानंतर चौकीवर निमूट बसलेल्या माणसाला मी आधी आत बोलवत असे.

अकाउंटंटला बँकेने निलंबित केलं. रजिस्टरवर सही करून त्याने चावी मॅनेजरांच्या हाती दिली आणि जबाबासाठी माझ्याबरोबर निघाला. रस्ता ओलांडताना तो मधेच थांबला. इतक्या दिवसांनी त्याचा हात खिशाकडे गेला होता. खिसा चाचपताच त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मग चावी देऊन टाकल्याचं आठवलं, तसा तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "चला साहेब, सवय आहे."