अंगठ्याची साल

हक्कसोड करायच्या दिवशी सकाळीच माझ्या चपलेचा तळ सुटला.

तिकोणा पेठेतली वडिलांची जमीन विकायची होती. गिऱ्हाईक बंगले बांधणारं. त्याआधी लग्न होऊन औंढ्याला आलेल्या बहिणीनं, म्हणजे मी, तालुक्याच्या ऑफिसात जाऊन ‘मला काही नको’ असं अंगठा लावून सांगायचं होतं. आमच्याकडं बहिणी तसं सांगतात. सांगितलं की माहेर राहतं, दिवाळीला साडी येते. माझ्या जावेनं नाही सांगितलं, तर तिचा भाऊ तिच्या लेकीच्या लग्नालाही फिरकला नाही.

मी तर हे फार पूर्वीच सांगून बसले होते. वडिलांच्या तेराव्याला, भरल्या पंगतीत, पदर खोचून: “मला जमिनीतलं ढेकूळबी नको. वर्साला चार दिस ऱ्हायला आले की झालं.” कुणी विचारलं नव्हतं. वाढणारी बाई आमटीचं भगुणं घेऊन थांबली तेवढी. तेव्हाची मी, त्या पदर खोचलेल्या बयेला आज कुणी माझ्यासमोर उभं केलं, तर मी तिच्या हातात ते भगुणं देईन आणि म्हणेन, वाढ गपगुमान.

तर चप्पल. डाव्या हातात तळ दाबून धरला आणि उजव्या हातानं त्या झटक्यात चिकटणाऱ्या गमची नळी पिळली. जास्तच पिळली. ओघळ अंगठ्यावर आला, तो पुसायला मी सुती पदर धरला. बोटाला एकदम चटका बसला आणि पदरातून बारीक धूर निघाला. पदर टाकला, तोवर अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एकमेकांना चिकटले होते. चप्पल मात्र सुटलेलीच.

“आजी, ओढू नकोस!” नात ओरडली. ती लोणावळ्यात एका रिसॉर्टवर काउंटरला असते, त्यामुळं ओरडली तरी गोड ओरडते. “आणि ओल्या गमला कापूस, सुती कापड लावायचं नाही. तापतं ते.”

“आता सांगतीस व्हय?”

तिनं कोमट पाण्यात साबण कालवून माझा हात बुडवून ठेवला. बऱ्याच वेळानं दोन बोटांच्या मधे पेन्सिल घालून ती हळूहळू गोल फिरवत राहिली. ओढणं नाही, फक्त फिरवणं. बोटं सुटली. नखाशी जरा कातडं फाटलं होतं, म्हणून तिनं नेलपॉलिश काढायचं पाणी लावू दिलं नाही. “जखमेवर नाही. बाकीचं आपोआप निघेल. चार-पाच दिवस जातील.” अंगठ्याच्या पोटावर पांढरट, कडक साल राहिली.

मी बघत बसले. चिक्कीच्या भट्टीवर कामाला होते तेव्हा उकळत्या गुळाचा पाक तळहातावर पडला होता. पाण्यात हात घालायचा सोडून मी तो कातडीसकट ओढून काढला होता, आणि वर हसले होते. मुकादमीण बघत होती ना! डाग अजून आहे. एवढी शहाणी होते मी.

भाऊ गाडी घेऊन आला. माझ्यापेक्षा धाकटा. अंगठा बघून म्हणाला, “चल गं आक्का, मशिनला काय कळतंय?”

मशिनला कळलं. काचेवर अंगठा ठेवला, पडद्यावर पांढरा गोळा उमटला. पुन्हा ठेवला, पुन्हा गोळा. “मावशी, रेषाच न्हाईत,” टेबलावरचा माणूस म्हणाला. “लागतो ह्योच अंगठा. साल निघाल्यावर या.”

परतताना कान्ह्याच्या पुढं भावानं गाडी हळू केली. मग म्हणाला, “मुद्दाम केलंस?”

“मुद्दाम करायला अक्कल लागती. माझ्यात कुटं बघितलीस?”

तो हसला नाही. मलाही काही वाटलं नाही. खरं तर बरेच महिने काही वाटत नव्हतं. आई गेली, तेव्हा मी रडले, मग थांबले ते थांबलेच. तिच्या वर्षश्राद्धाला माहेरी गेले होते. जेवले. संध्याकाळी भावजयीनं पिशवीत डबा भरून दिला आणि गाडी दारात आली. ‘राहा आज’ असं कोणी म्हणालं नाही. आईची वाकळ कपाटावर गुंडाळून ठेवलेली दिसली. मी गाडीत बसले.

अंगठ्याचंही तसंच झालं. भाकरी थापताना पीठ कळेना, गार पाणी कळेना. मी टाचणी टोचून बघितली. सालीला टोचली, मला नाही.

भावाचा रोज फोन. “रॉकेल लाव. पॉलिश पेपरनं घास. ब्लेडनं खरवड, आक्का, गिऱ्हाईक थांबायचं न्हाई.” तेराव्याच्या पंगतीतली ती बया असती, तर तिनं ब्लेडच काय, विळी घेतली असती. मी सकाळ-संध्याकाळ हात कोमट पाण्यात घालून बसले. नंतर तेल चोळायचं. नुसतं बसायचं आणि विचार करायचा, की मी सोडतेय ते नक्की कशासाठी? चार दिवसांसाठी. आणि ते चार दिवस कुठं आहेत?

पाचव्या दिवशी साल पाण्यात आपोआप सुटली. अख्खी. उजेडात धरली, तर तिच्यावर माझ्या अंगठ्याच्या सगळ्या रेषा. मी ती पुसून काड्यापेटीत ठेवली. नात म्हणाली, “ई, आजी!”

भाऊ आला. चहा ठेवला त्याच्यापुढं. त्यानं विचारलं, “सुटला का अंगठा?”

“सुटला की.” मी काड्यापेटी दिली. “न्यायचाय ना तालुक्याला? ह्यो घे. लावून ये.”

त्यानं पेटी उघडली, बघितलं, बंद केली. “चेष्टा हाय का?”

“पेटीतली चेष्टा. हातावरचा अंगठा म्या न्हाई लावणार. माझा वाटा मला ऱ्हाऊ दे.”

“पंगतीत काय बोललीवतीस?”

“लय बोलले. ती बया मुकादमिणीपुढंबी हसलीवती.”

त्याला ते कळलं नाही. तो उठला, पेटी ओट्यावर ठेवली आणि ‘येतो’ न म्हणता गेला. गाडी फाट्याला वळेपर्यंत ऐकू येत होती. दिवाळीला साडी येणार नाही, हे मला तेव्हाच समजलं. समजलं एवढंच.

चहाला त्यानं हात लावला नव्हता. वाया कशाला घालवायचा, म्हणून मी त्याचा स्टीलचा पेला उचलला, आणि चटकन खाली ठेवला. नव्या कातडीला पोळलं होतं. मग मी पदरानं पेला धरला आणि त्याचा चहा प्यायले.