खिशातला फ्यूज

हुबळीच्या आमच्या कारखान्याची टाकी रिकामी होत आली की लांबच्या विहिरीवरचा पंप सुरू होतो. पंप सुरू करायचा निरोप रेडिओवरून जातो. हा रेडिओ सांभाळणारे अण्णा धारवाडच्या मळमड्डीहून स्कूटरवर येतात. नाव मी कधी विचारलं नाही. चहाला नको म्हणतात, कमरेचा पट्टा दोनदा ओढून बघतात आणि अँटेनाच्या मनोऱ्यावर चढण्याआधी रेडिओचा फ्यूज काढून खिशात घालतात. "माणूस वर असताना अँटेना बंदच पाहिजे री, नाहीतर अंग भाजतं," एवढंच कानडी वळणानं बोलतात.

मला ते नाटक वाटायचं. एकदा टाकीत पाणी उरलं नव्हतं, साहेब ओरडत होते. अण्णा वर अँटेनाला खेटून काम करत होते आणि मी घाईत खाली पंपाला निरोप धाडायचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. तेव्हा कुठे त्यांचा खिसा आठवला आणि मला घाम फुटला.

अण्णा उतरले. चालू बटण त्यांनी पाहिलं, बंद केलं, फ्यूज बसवला. "आता दाबा री, सर." तक्रार कुणाकडेच केली नाही.

हल्ली ते आले की फ्यूज मीच काढून त्यांच्या हातात देतो. ते तो खिशात घालतात आणि चढण्याआधी बटण एकदा दाबून बघतात.