आकारामचं पावसाळी शूटिंग

कोल्हापुरात उत्तरेश्वर पेठेतल्या आकारामला देव झोपण्याची भारी धास्ती. आषाढात देव एकदा झोपले की कार्तिकापर्यंत लग्नं बंद. लग्नं बंद म्हणजे आकारामचा व्हिडिओ कॅमेरा पेटीत आणि आकाराम घरात. मध्ये एखादं बारसं, एखाद्या दूध संस्थेची सभा, गणपतीत थोडी पळापळ. बाकी दिवस तो पेटी उघडून भिंगाला बुरशी आली का बघायचा, आणि बायको त्याच्याकडं बघायची. दोघांच्या बघण्यात फारसा फरक नसायचा.

कॅमेरा एकच. मुरगूडच्या एका हौशी डॉक्टरकडून जुना घेतलेला, खांद्यावर ठेवायचा, जाडजूड कॅसेट गिळणारा. गिऱ्हाइकाला मात्र आकाराम बेधडक सांगायचा, "दुसरा सर्व्हिसिंगला गेलाय." हा दुसरा कॅमेरा धंदा सुरू केल्यापासून सर्व्हिसिंगलाच होता.

म्हणून अठ्ठ्याण्णवच्या जुलैत चंदगडकडच्या पिराजी कांबळ्यांनी मुलीच्या लग्नाचं शूटिंग सांगितलं, तेव्हा आकारामला आभाळ ठेंगणं झालं. पिराजी हे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. घर बौद्ध. देव झोपलेत की जागे आहेत, याच्याशी त्यांच्या लग्नाचा काही संबंध नव्हता. वर त्यांचे धाकटे भाऊ सयाजी म्हणाले होते, "ह्ये झ्याक झालं तर श्रावणात आमच्या निशाचंबी तुम्हीच करायचं, आकारामदा. आमची पावणी पार बेळगावपातूर हाईत." म्हणजे हे एक लग्न नीट उतरलं तर आकारामचा अख्खा पावसाळा सुटत होता. नाही उतरलं तर बातमीसुद्धा बेळगावपातूरच जाणार होती.

लग्नाच्या दिवशी पहाटेच्या एसटीत खिडकीची काच अर्ध्यातच अडकलेली. आकारामनं पेटीवर आपला रेनकोट घातला आणि स्वतः भिजत बसला. गावात पोचला तोवर दोघंही गारठले होते. घरातली सगळ्यात उबदार जागा कुठली, तर मागची चूल. तिथं पिराजींची बहीण धोंडुबाई गावजेवणाचा भात रटरटवत होती.

"आत्या, ह्ये वाईच हितं ठेवतो. गारठलंय."

"ठेव की. फकस्त भातात पडलं तर मला इचारू नगंस."

आईनं पोराचं कुंची-टोपरं सोडावं तसं आकारामनं पेटीचं झाकण उघडलं, कॅमेऱ्याला ऊब लागू दे म्हणून. नेमकं तिथंच चुकलं. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसा भाताच्या वाफेनं त्या गार यंत्राला आतून घाम फुटला.

थोड्या वेळानं त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला तर कोपऱ्यात इंग्रजी शब्द लुकलुकत होता: 'ड्यू'. म्हणजे दव. आत ओल धरली की हे यंत्र कॅसेट घेत नाही, आणि जबरदस्ती केलीच तर टेप आतल्या चाकाला चिकटून तुटते. उपाय एकच, कोरड्या जागी तास-दोन तास गप ठेवणं.

पत्रिकेत वेळ होती साडेअकरा, आणि अकरा वाजून गेले होते. आकारामचा सगळा जन्म मुहूर्ताखाली गेलेला. मनगटावरच्या घड्याळाकडं बघत ओरडणारे मामे त्यानं शेकड्यानं चित्रित केले होते. कॅमेऱ्यासाठी लग्न थांबवा म्हणणं त्याच्या लेखी सूर्याला थांब म्हणण्यासारखं होतं. तो कुणाला काही बोललाच नाही.

या धंद्यात एक युक्ती असते. लग्नात कुणी हौशी काका "आमालाबी घ्या की" करत पुढं येतो, तेव्हा टेप न फिरवता त्याच्यावर लाईट मारायचा. काका खूश, टेप शिल्लक. आकारामनं हे कितीतरी काकांना केलं होतं. त्या दिवशी त्यानं ते सगळ्या लग्नालाच केलं.

लाईट धरायला सयाजी स्वतः उभे राहिले. तापलेला हॅलोजन हात उंच करून धरलेला, घाम डोळ्यांत चाललेला. समोर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या, पांढऱ्या साडीतली प्रियदर्शनी आणि शेजारी नवरदेव प्रसेनजीत. त्रिशरण झालं, पंचशील झालं. प्रतिज्ञा घेताना प्रसेनजीतचा आवाज चिरकला. प्रियदर्शनीचा मात्र मांडवाच्या टोकापर्यंत खणखणीत पोचला. आकारामला त्या इवल्याशा भिंगात सगळं दिसत होतं, काळंपांढरं आणि स्वच्छ. कोपऱ्यात तो शब्द लुकलुकतच होता. इतकं देखणं चित्र त्याला वर्षभरात मिळालं नव्हतं.

"आकारामदा, हिकडं घ्या," सयाजी कुजबुजले. "दादा रडाय लागलाय. त्ये घ्या."

"घेतलं, घेतलं," आकाराम म्हणाला.

जेवणं उरकली. आकाराम पेटी आवरून काढता पाय घ्यायच्या बेतात होता, तेवढ्यात सयाजी शेजारच्या घरचा टीव्ही उचलूनच घेऊन आले. आज्या-आत्या पुढं मांडी घालून बसल्या. पिराजी म्हणाले, "वायर जोडा की. वाईच बघू द्या समद्यास्नी."

आकारामनं वायर हातात घेतली, आणि परत खाली ठेवली.

"मालक, टेप फिरलीच न्हाई."

"कवापास्नं?"

"सकाळधरनं. आत ओल गेलीया."

पिराजी जागेवरून उठून पुढं आले.

"मग मला का सांगितलं न्हाईस?"

"साडेअकराची येळ हुती, मालक..."

"कुणाची येळ?" पिराजींचा आवाज चढला. "ती मीच घातलीया पत्रिकेत, पावणी एसटीनं येत्यात म्हणून! आमच्यात मुहूर्तबिहूर्त काय न्हाई. दोन तास काय, चार तास थांबलो असतो की! गाडी बंद पडली की आम्ही पैलं पाशिंजरास्नी सांगत हुतो. नुसतंच स्टेरिंग फिरवत बसत नव्हतो."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"मग परत करा की," धोंडुबाई म्हणाली. "हार हाईत, फुलं हाईत, पोरं हाईत."

प्रियदर्शनी दारातून म्हणाली, "आत्या, वचन एकदाच देत्यात. कॅमेऱ्यासाठी मी दुसऱ्यांदा न्हाई बोलणार." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर आकारामला निदान हात जोडता आले असते. सयाजी टीव्हीशेजारी उभे राहून आपला उजवा दंड चोळत होते.

दुपार कलल्यावर तो शब्द आपोआप गेला. कॅमेऱ्यानं काही घडलंच नाही अशा थाटात कॅसेट आत घेतली. उरलं होतं ते आकारामनं घेतलं: जीपमध्ये बसणारी प्रियदर्शनी, चिखलात रुतलेलं चाक, ढकलणारे पाहुणे, खिडकीला धरून चालणारे पिराजी. सकाळी कॅमेरा वळला की बायका पदर सारखे करत होत्या, पोरं दात दाखवत होती. आता लोक त्याच्यापुढून विजेच्या खांबापुढून जावं तसे जात होते.

एसटीपर्यंत सयाजी सोडायला आले. छत्री पेटीवर धरून, स्वतः भिजत. त्यांनी पेटी वरच्या रॅकवर ठेवली, हलवून बघितली, पडणार नाही याची खात्री केली.

"सयाजीराव," आकारामनं कसंबसं विचारलं, "श्रावणातलं, निशाच्या लग्नाचं..."

"बघू की, पावणं," सयाजी म्हणाले, आणि कंडक्टरला डबल बेल मारायला सांगून खाली उतरले.