गोहलपुरातला दुकानदार

फांद्या छाटायला मुलानं ऑनलाइन मागवलेली चेनसॉ आज घरी आली. खोका उघडताच तेलाचा वास आला आणि मी दोन पावलं मागे सरले.

हाच वास कितीतरी वर्षांपूर्वी गोहलपुरातल्या त्या दुकानात होता. वादळात कललेला कडुनिंब घरावर कोसळायच्या आत उतरवायचा होता. ह्यांनी सगळ्यात मोठी चेनसॉ उचलली. दुकानदारानं ती काढून घेतली, लहान दिली आणि मला विचारलं, "भाभीजी, पास में कौन खड़ा रहेगा?"

"मी."

त्यानं ह्यांच्या खांद्यावरचा गमछा माझ्या हातात दिला. "जांघ पर बाँधिए. खून ऐसे रुकता है." मी ह्यांच्या मांडीभोवती तो आवळला. "और कसके." ह्यांचं हसू मावळलं, चेहरा पांढरा पडला, तरी तो म्हणतच होता, "और." घरी येईपर्यंत मी त्या अभद्र माणसाला शिव्या घालत होते. कडुनिंब उतरवताना चेनसॉ ह्यांच्या मांडीत शिरली, तेव्हा तोच गमछा मी तसाच आवळला, म्हणून हे वाचले.

आज खोक्यातून सगळं निघालं. जवळ कोण उभं राहणार, हे विचारणारं मात्र कुणी निघालं नाही.

"आई, काहून अशी पाहून राहिली?"

"सरळ उभा राहा," म्हणत मी खुंटीवरचा गमछा ओढला.