संग येऊ, का तुमचं तुम्ही पाहता?

आधी ते वाटेतून बाजूला व्हायचे. आलेल्या माणसाला मोठा दरवाजा मोकळा दिसला पाहिजे, आपण आडवे उभे आहोत असं वाटता कामा नये, ही त्यांची पद्धत. बाजूला होऊन, पायजम्याला हात पुसून, मग विचारायचे, "संग येऊ, का तुमचं तुम्ही पाहता?"

तुम्हीही जुनी ठिकाणं पाहायला जात असाल. गाडीतून उतरलं की चार जण कसे अंगावर येतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. "नको" म्हटलं तरी पाठ सोडत नाहीत. आमच्या गावी असा एकच माणूस होता, आणि तो लोकांना "नको" म्हणायची सोय आधीच करून देत असे.

आमचं गाव बुलडाणा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला. पलीकडे जालना सुरू होतं. गावात जुना दरवाजा आहे, सराई आहे, बारव आहे, तलावाची भिंत आहे. मी तिथे फाटकावर कामाला. येणाऱ्याचं नाव-गाव वहीत लिहून घ्यायचं, तो बाहेर पडला की समोर खूण करायची, संध्याकाळी कुलूप लावायचं. चौदा वर्षं हेच केलं. त्यातली अकरा वर्षं ते माझ्यासमोर होते.

आम्ही त्यांना मामा म्हणत असू. एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले, बायको आधीच गेलेली, एकुलती मुलगी डोणगावला दिलेली. घरी बसवेना म्हणून इथे येऊ लागले. जिल्ह्याच्या ग्रंथालयातून पुस्तकं आणून वाचली, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून घेतलं. आवाज एसटीतला. भरलेल्या गाडीत मागच्या दारापासून ड्रायव्हरपर्यंत पोचायचा तो आवाज. सराईत बोलायला लागले की कबुतरं उडत.

पण त्यांचा खरा जीव त्या प्रश्नात होता. कोणाला सोबत लागते आणि कोणाला लागत नाही, हे आपल्याला माणूस पाहूनच कळतं असं त्यांचं म्हणणं. "जो आल्या आल्या वर कमानीकडं पाहते, त्याले सोडून द्यावं. जो आपलाच फोटो काढते, त्याले सांगनारा पाह्यजे."

एकदा एक म्हातारं जोडपं आलं. नवरा म्हणाला, माहिती सांगणारा हवा. बायको म्हणाली, मला कोणाची बडबड नको. दरवाजातच जुंपली. मामांनी आजींना तलावाची वाट दाखवली आणि आजोबांना घेऊन ते सराईकडे गेले. तासाभराने दोघं माझ्या फाटकाजवळच्या बाकावर भेटली. आजोबा तिला सराई सांगत होते, ती त्यांना तलावावरचे पक्षी सांगत होती. निघताना आजी मामांना म्हणाल्या, "चाळीस वर्षांत आज पहिल्यांदा आम्हाला एकमेकांना सांगायला काहीतरी होतं." मामा त्यानंतर आठवडाभर हे वाक्य चहाच्या टपरीवर ऐकवत होते. आम्ही आपलं दर वेळी नव्याने ऐकलं.

कॉलेजची पोरं फोनवर माहिती ऐकत यायची. एका पोराच्या फोनने त्याला डावीकडे वळायला सांगितलं. डावीकडे भिंत. मामा लांबूनच ओरडले, "फोनले इचार बे, भितीतून कसं जावं!" पोरं हसली आणि मग दिवसभर मामांच्या मागे फिरली.

असे दिवस होते. मग त्या बाई आल्या.

मलकापूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवायच्या. पस्तिशीच्या असतील. खांद्याला कापडी पिशवी, त्यात वही. आल्या आणि दरवाजाखाली उभ्या राहून वर पाहत राहिल्या. मामा बाजूला झाले. विचारलं.

"राग मानू नका," त्या म्हणाल्या, "पण मला एकटीलाच बघायचंय. चित्रं काढायचीत. वेळ लागेल."

"राग कायचा, ताई? लागू द्या वेळ. बारवेत जा, बारा वाजता ऊन खालपर्यंत उतरते. तसं दुसरीकडं पाहाले नाही भेटनार."

त्या गेल्या. मामा माझ्याकडे आले, चेहरा फुललेला. "या बाईले नजर हाय. हिच्या संग मानूस लावनं म्हंजे पाप."

एक गोष्ट सांगायची ते विसरले. बारवेच्या तिसऱ्या टप्प्यानंतर पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. लोकांना घेऊन गेले की ते त्या टप्प्यावर आडवा हात धरायचे, "इथून खाली नाही." तिथे पाटीही होती, ती पावसाळ्यात पडली होती. मी वर दोनदा कळवलं होतं. कळवलं, एवढंच.

दुपारी नांदुऱ्याहून बायकांच्या बचत गटाची सहल आली. दोन गाड्या भरून. त्यांना सांगणारा हवाच होता. मामा रंगात होते. बारवेच्या तोंडाशी, जिथून तळ दिसत नाही, सगळ्यांना बसवून त्यांनी वरूनच गोष्ट सांगितली, कारण निम्म्या बायकांचे गुडघे दुखत होते. त्यांचं हसणं मला फाटकापर्यंत ऐकू येत होतं.

संध्याकाळी कुलूप लावायच्या वेळी वही पाहिली. मलकापूरच्या नावासमोर खूण नव्हती. मामांना म्हटलं, "त्या बाई?" ते बारवेकडे पळाले. त्या वयाच्या माणसाला पळताना मी आधी पाहिलं नव्हतं.

त्या अगदी तळाला होत्या. पाठीवर पडलेल्या, एक पाय पाण्यात. वही बाजूला, कोरडी. शुद्धीवर होत्या. आम्हाला पाहून म्हणाल्या, "आलात?"

चार माणसं बोलावून, खाटेवर घालून त्यांना वर काढलं. जीपमधून दवाखान्यात नेलं, तिथून अकोल्याला. पाठीचा मणका गेला होता. जीव वाचला. कमरेखाली मात्र काही उरलं नाही.

मामांनी दुसऱ्या दिवसापासून लोकांना विचारणं थांबवलं असं मी सांगितलं, तर ते खरं होणार नाही. विचारत होते. पण "तुमचं तुम्ही पाहता" हे शब्द तोंडातल्या तोंडात जाऊ लागले.

चार महिन्यांनी त्यांनी मला सोबत चला म्हटलं. आम्ही मलकापूरला गेलो. बाईंचं घर स्टेशनच्या बाजूला. त्यांच्या आईने दार उघडलं, आम्ही कोण ते सांगितल्यावर क्षणभर थांबल्या आणि आत घेतलं. बाई खिडकीशी पलंगावर, उशांना टेकून. हसून म्हणाल्या, "या मामा. मला वाटलंच होतं तुम्ही याल."

मामा खुर्चीच्या कडेला बसले. "ताई, मी सांगाले पाह्यजे होतं. खालच्या पायऱ्यांचं."

"मी लहान मूल आहे का? शेवाळ दिसत होतं. मला तिथूनच कमान हवी होती. तुमची काही चूक नाही, मामा. खरं सांगू? तुमच्यामुळेच मी शुद्धीवर राहिले."

"माह्यामुळं?"

"तुम्ही वर त्या बायकांना बारवेची गोष्ट सांगत होतात ना? मला सगळी ऐकू आली. शब्द न् शब्द. मी मनाशी म्हटलं, गोष्ट संपेपर्यंत डोळे मिटायचे नाहीत."

बाई मनापासून बोलत होत्या. त्या माणसाला काहीतरी द्यावं, म्हणून बोलत होत्या. त्यांच्या आईने चहा आणला. मामांनी कप घेतला, पण प्यायले नाहीत.

"तुमी हाक मारली होती का, ताई?"

बाई खिडकीकडे पाहत म्हणाल्या, "मारली होती. दोन-तीनदा. तुमचा आवाज मोठा, त्यात त्या बायका हसत होत्या. मग म्हटलं, सांगून होऊ द्यावं. नंतर माझा आवाजच निघेना."

मामांनी कप खाली ठेवला.

परतीच्या गाडीत जागा होत्या, तरी ते दांड्याला धरून उभे राहिले. बुलडाणा गेलं. चिखली स्टँडवर गाडी थांबली तेव्हा वाकून मला म्हणाले, "बाया काऊन हासत होत्या, आठवते का तुमाले?"

"नाही."

"म्या हासवलं त्यायले."

त्यानंतरचे मामा सांगणं जड जातं. बोलता बोलता मध्येच थांबायचे, हात वर करायचे. "थांबा. आवाज आला का?" लोक कान द्यायचे. काही नसायचं. मामा बारवेत उतरून पाहून यायचे, तोवर मंडळी उन्हात उभी. दोन-तीनदा असं झालं की लोक कंटाळून निघून जात. आवाजही त्यांनी मुद्दाम लहान केला होता. मागच्या माणसाला ऐकू येत नसे. "मोठ्यानं बोला की," कोणी म्हणालं, तर त्या माणसाकडे पाहत राहायचे.

मग त्यांनी विचारणंच सोडलं. आणि बोलणंही. एकटंदुकटं माणूस आत गेलं की दहा पावलांवरून त्याच्या मागे जायचे. कोणी वळून पाहिलं तर म्हणायचे, "तुमी पाहा. मी काही बोलत नाही." मी एकदा समजावलं, "मामा, असं मागे मागे नका जाऊ. लोकांना बरं वाटत नाही." ते म्हणाले, "बरं वाटाले नाही जात मी."

एक दिवस औरंगाबादकडच्या दोन मुली घाबऱ्याघुबऱ्या फाटकाशी आल्या. एक म्हातारा तासभर आमचा पाठलाग करतोय, म्हणाल्या. मी सांगायला हवं होतं की तो माणूस वाईट नाही, त्याचं असं असं झालं आहे. मी तोंड उघडलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची भीती पाहून तक्रारीची वही पुढे केली. त्यांनी लिहिलं. मी ते वर पाठवलं. माझं काम होतं ते.

महिन्याभरात पाट्या आल्या. प्रत्येक ठिकाणी एक, तिच्यावर चौकोनी ठिपक्यांचं चित्र. फोन धरला की माहिती बोलते. बारवेच्या तोंडाला लोखंडी जाळीचा दरवाजा बसला. सोबत कागद होता. ओळखपत्र नसलेल्या कोणीही पर्यटकांसोबत आत फिरू नये. मामांकडे ओळखपत्र कुठून असणार? ते कोणी नव्हतेच. अकरा वर्षं नुसते येत होते.

कागद मलाच वाचून दाखवावा लागला. दरवाजाखाली उभे राहून त्यांनी ऐकला.

"बराबर हाय," म्हणाले. "अनोळखी मानूस मागं मागं येते. पोरी भेतीनच." थोड्या वेळाने, "बारवेत कोनालेच जाता येनार नाही?"

"नाही. जाळीतून बघायचं."

"मंग ठीक." पण चेहरा ठीक नव्हता. बारा वाजताचं ऊन आता कोणी खाली उतरून पाहणार नव्हतं.

पुढे काही दिवस ते समोरच्या टपरीवर बसत. आत गेलेली माणसं बाहेर येतात की नाही ते बघत. एखाद्याला उशीर झाला की उठून फाटकापर्यंत येत आणि माझ्याकडे नुसतं पाहत. मी म्हणायचो, "आत आहेत, मामा, येतील." आले की ते परत जाऊन बसत. चहा गार झालेला असायचा. टपरीवाल्याने मामांच्या मुलीला फोन केला. जावई येऊन त्यांना डोणगावला घेऊन गेला. ते निघाले तेव्हा मी फाटकावर होतो, गर्दी होती, उठता आलं नाही.

डोणगाव काही लांब नाही. पुढच्या रविवारी जाऊ, असं मी दीड वर्ष म्हणत होतो. मग मुलीचाच फोन आला.

तेराव्याला गेलो. मांडवात पन्नासेक माणसं, बहुतेक जावयाच्या बाजूची. बाजारातल्या भावांवर बोलत होती. मामांना ओळखणारा मी एकटाच असेन. मुलगी ताट घेऊन आली आणि तशीच समोर बसली. नाकडोळे अगदी मामांचे.

"इथं आल्यापासून एक शब्द बोलले नाहीत बाबा," ती म्हणाली. "नातू इचारे, आजोबा, गोष्ट सांगा. नुसते त्याच्या तोंडाकडं पाहत. तुमी त्यायच्या संग होते ना इतके वर्सं? तिथं ते लोकायले काय सांगत?"

"तुम्ही कधी ऐकलं नाही?"

"कधी आलीच नाही मी. लहान होती तवा ते गाडीवर राहत. मंग माहं लगन झालं. दर वर्सी म्हनू, एकदा जाऊ. सांगा ना. मले ऐकाचं हाय."

मी सुरुवात केली. दरवाजाची दोन वाक्यं मला पाठ होती, दिवसातून दहा वेळा ऐकलेली. डाव्या बाजूच्या दगडावर हत्तीच्या साखळीने पडलेली खाच आहे, तिथे बोट ठेवून पाहा, एवढं सांगितलं. त्यानंतर ते लोकांना घेऊन सराईकडे वळत असत. मी फाटकावरचा माणूस. सराईत काय सांगायचे, तलावाच्या भिंतीवर काय सांगायचे, बारवेपाशी बायका कशाला हसल्या, यातलं मला काही माहीत नव्हतं.

"मंग?" ती म्हणाली.

मी ताटाकडे पाहिलं. ती वाट पाहत बसली होती. आतून कोणीतरी तिला हाक मारली, पोळ्या कमी पडत होत्या. ती लगेच उठली नाही. पुन्हा हाक आली, तेव्हा गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत गेली.